आंबोली, तिसरा पावसाळा: हिरवं शोधायचं सोडलं

मलबारी उडत्या बेडकाच्या नोंदवहीत यंदा अकरा पानं भरली. पहिल्या पावसाळ्यात जेमतेम दोन भरली होती आणि त्यातलंही एक चुकीचं निघालं, ते आधी कबूल करतो. पाण्याच्या टाकीला चिकटलेला एक पिवळट-तपकिरी बेडूक मी 'मलबारीचं पिल्लू' म्हणून ठोकून दिला होता. परवा तो फोटो मोठा करून पाहिला, तर मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे गोल ठिपके. म्हणजे साधा झाडबेडूक, आपल्या न्हाणीघरातही येऊन बसतो तो. ठिपके तेव्हाही फोटोत होतेच, मी पाहिले नव्हते.

मुळात मी हिरवा रंग शोधत फिरत होतो. जूनअखेर आंबोलीत हिरवं काय नसतं, ते सांगा! शिवाय फोटोंनी डोक्यात एक चित्र पक्कं करून ठेवलेलं: तांबडे-केशरी पडदे पसरलेले पंजे. प्रत्यक्षात बसलेला बेडूक पंजे अंगाखाली ओढून घेतो. लाल काही दिसत नाही. उरतो तो एकसारख्या हिरव्या, बारीक रवाळ कातडीचा पानासारखा उंचवटा. मादी चांगली दहा सेंटिमीटरपर्यंत भरते, नर लहान, तरी दोघंही नजरेतून सुटतात.

यंदा पाणी शोधलं. रस्त्याकडेचं डबकं, उघडी टाकी, चिऱ्याच्या खाणीतला खड्डा. मग त्याच्यावर ओणवलेल्या फांद्या खालून वर बघत जायचं. नरांची टकटक ऐकू आली की बॅटरी बंद करून पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. पाच मिनिटं फार वाटतात, पाऊस मानेतून आत उतरत असतो.

२७ जून, रात्री साडेदहा. डबक्यावरच्या जांभळीच्या फांदीवर जोडी. मादी मोठी, पाठीवर नर. ती मागचे पाय एकाआड एक हलवत होती, रवीनं ताक घुसळावं तसं, आणि त्यातून पांढरा फेस वर येत होता. आजूबाजूची पानं हळूहळू त्या फेसात चिकटून आत वळली. अंडी त्यातच. सकाळी घरटं साबणाच्या फेसासारखं पांढरं होतं, दोन दिवसांत वरची साल सुकून तपकिरी झाली. आत मात्र ओल टिकते, ती सालीमुळेच. सातव्या दिवशी जोराची सर आली, फेस खालून मऊ पडला आणि बेडूकमासे एकेक करून पाण्यात टपकायला लागले. मी छत्री धरून तासभर मोजत होतो. चाळीसनंतर आकडा चुकला.

दुसऱ्या घरट्याचं नशीब वाईट. खालच्या खड्ड्याचा काठ फुटला, पाणी वाहून गेलं आणि पिल्लं चिखलात पडली. ओंजळीनं उचलून शेजारच्या डबक्यात सोडली. निरीक्षकानं हात घालावा का, यावर कुणी वाद घातला तर माझी हरकत नाही. हातांना डास पळवायचं मलम नव्हतं, एवढं मात्र पाहिलं होतं. बेडकाची कातडी सगळं शोषून घेते.

हिरव्या रंगाबद्दल एक गोष्ट मला फार आवडली. संग्रहालयाच्या बाटलीत ठेवलेला हा बेडूक जांभळट निळा पडतो. कारण कातडीत हिरवा रंग भरलेला नसतोच. खालच्या थरातल्या पेशी निळा प्रकाश परतवतात, वरच्या थरात पिवळं रंगद्रव्य असतं, दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. बाटलीतल्या द्रावणात पिवळं विरघळून गेलं की निळं उघडं पडतं.

नव्यानं येणाऱ्यांना एक सांगणं: फांदी हातानं बाजूला करू नका. बेडकांच्या डबक्यावर चापडा हा विषारी सापही टपून बसतो, आणि तोही हिरवाच. आधी बॅटरी, मग काठी, हात नाहीच. आणि पर्यटकांना फोटो मिळावा म्हणून बेडूक तळहातावर घेऊन फिरवणारे दिसले, तर निदान आपण तरी रांगेत उभे राहू नका.

झेप अजून राहिली होती. नऊ ते बारा मीटर तरंगत गेल्याच्या नोंदी आहेत. ११ जुलैला, छत्री मिटताना, डोक्यावरून काहीतरी लाल सरकलं. चारही पंजे ताणलेले, पडदे उघडे, वाऱ्यावर सोडलेल्या पत्रावळीसारखा तिरका उतरत तो कारवीत गेला. दुसऱ्या दिवशी टेप लावली: साडेतीन मीटर. त्या रात्री मात्र जिथं उतरला तीच फांदी बॅटरीच्या उजेडात दहा मिनिटं न्याहाळली. पानंच पानं.