आमची वाटचाल : पंचावन्नाची काठी

आमचं वर्कशॉप उभं राहिलं ते रोल केजच्या कामावर, म्हणजे गाडी उलटली तरी आतली माणसं वाचावीत म्हणून आत बसवायचा पाइपांचा सांगाडा. भाऊ पाइप वाकवायचा, मी नॉच (एक पाइप दुसऱ्यावर चपखल बसावा म्हणून टोकाला काढायची खाच) काढायचो, वेल्डिंग मामा करायचे. (मामा नात्याने कुणाचेच नाहीत, वयाने आणि हाताने मोठे, म्हणून मामा.) गिऱ्हाईक सगळं मोटार स्पर्धेतलं. डोक्यावर हेल्मेट, अंगावर पाच पॉइंटचा बेल्ट. मेन हूपला (पुढच्या सीटांमागची मुख्य कमान) ४५ मिमी व्यासाचा, अडीच मिमी जाडीचा सीमलेस पाइप, बाकीच्याला ३८ चा, ही एफआयएची (मोटार स्पर्धांची जागतिक संघटना) मापं झोपेतून उठवलं तरी सांगितली असती. आत बसणारा माणूस मात्र आम्ही एकाच मापाचा धरून चाललो होतो.

मग एक जण आले, एका हातात लेक आणि दुसऱ्या हातात तिची गाडीत बसवायची लहान मुलांची सीट. गाडीला केज आमचीच. सीट मागच्या बाकावर ठेवली की तिचं हेडरेस्ट मागच्या आडव्या पाइपला अडायचं आणि पाठ बाकापासून चार बोटं सुटलेली राहायची. "एवढा पाइप जरा मागे घ्या ना, दादा," ते म्हणाले. काम सोपं वाटलं. आडवा पाइप कापला, त्या जागी मागे पोट काढलेला नवा बसवला, मध्ये येणारा डायगोनल (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाणारा तिरका पाइप) छाटून त्या पोटावरच जोडला. रंग मारला, गाडी दिली.

संध्याकाळी मामांनी मोबाइलवरचे फोटो पाहिले आणि विचारलं, "डायगोनल कुठे उतरवलाय?" आधी तो हूपच्या कोपऱ्यात उतरत होता, चार पाइप भेटतात तिथे. आता तो एका वाकड्या पाइपच्या मधोमध येऊन टेकला होता. गाडी उलटली असती तर तो पाइप तिथेच दुमडला असता. "भार गाठीवर यावा, पोटावर नाही," एवढंच बोलून मामा हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी फोन करून गाडी परत मागवली आणि सगळं कापून टाकलं. डायगोनल पुन्हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सलग घातला, आडवा पाइप सरळच ठेवून हेडरेस्टच्या खाली उतरवला, दोन्ही टोकांना गसेट (सांध्याच्या कोनात बसवायच्या आधाराच्या पट्ट्या) दिले. अर्थात आमच्याच खर्चाने. त्या कामात गेलेला आठवडा मी अजून कुणाला नीट हिशेबात दाखवू शकलेलो नाही.

हे काम ऐकून दुसरे आले, मग तिसरे. प्रत्येक गाडी नवं काहीतरी दाखवायची. आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलाची सीट बाकाला थेट अडकवायच्या, दोन कड्या २८० मिमी अंतरावर, ६ मिमी जाडीच्या, हे १९९९ पासून ठरलेलं आहे. जुन्या जीपच्या बाकाला त्या नसतातच. वरचा टेदर (सीटचा वरचा भाग मागे बांधून ठेवणारा पट्टा) बांधायला लोक म्हणायचे, पाइपभोवती पट्टा गुंडाळा की. पट्टा पाइपवर सरकतो, आणि सरकला की सैल पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत या कड्या ८ किलोन्यूटन ताकदीने पुढे ओढून तपासतात. आठशे किलो टांगल्यासारखंच. त्यामुळे आम्ही केजच्या पाइपला भोक पाडत नाही आणि नुसती पट्टी चिकटवूनही देत नाही. गाठीजवळ जाड प्लेट, तिला सीटबेल्टच्या बोल्टचा आटा, आणि टेदर सीटच्या बरोबर मागे सरळ रेषेत.

पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते पुढच्या बाजूने. सीट बसली, आवळली, हलत नाही. लोकांना वाटतं झालं. पण धडक बसली की पोराचं डोकं पुढे जाणारच. आर४४ या मुलांच्या सीटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या जुन्या नियमाच्या चाचणीत ते ५५० मिमीपर्यंत पुढे गेलेलं चालतं. हे अंतर बाकाची पाठ आणि बैठक मिळतात साधारण तिथून मोजायचं. म्हणून आम्ही ५५ सेंटिमीटरची एक काठी करून ठेवली आहे. तिचं एक टोक त्या खाचेत टेकवायचं, दुसरं पुढे, आणि डोक्याच्या उंचीला त्या टोकापर्यंत काय काय लागतं ते बघायचं. स्पर्धेच्या केजमध्ये पुढच्या सीटांमागचा आडवा पाइप हमखास त्या टप्प्यात येतो. मोठ्या माणसाला तो कधी खुपलेला नसतो.

पॅडिंगचंही तसंच. पाण्याच्या पाइपवर चढवतात तो मऊ फोम कित्येक गाड्यांना लावलेला दिसतो. अंगठ्याने दाबा, आतलं लोखंड लागतं. आम्ही कडक, घट्ट फोमच लावतो, आणि त्यातही पाइप पोहोचेबाहेर नेता येत असेल तर आधी तो नेतो.

काही कामं आम्ही घेत नाही, आणि त्यावरून माणसं रागावून गेली आहेत. मुलाची सीट पाच पॉइंटच्या बेल्टने बांधून द्या म्हणणारे: ती सीट तशी तपासलेलीच नसते. सीटच्या प्लास्टिकला भोक पाडा म्हणणारे. लहानग्याला हेल्मेट घालून सीटमध्ये बसवणारे. त्या मानेवर डोक्याचाच भार किती असतो. पाय जमिनीला न टेकणाऱ्या पोराला उघड्या साइड-बाय-साइडमध्ये (शेजारी शेजारी सीट असलेली आडरानात चालवायची छोटी गाडी) नेऊ नका, असं बनवणारे स्वतः सांगतात. तिथे आम्ही केज कशाला बदलायची?

काम झाल्यावर आईला किंवा वडिलांना सांगतो, मुलाला आत ठेवा, बकल लावा, काढा. एकदा मीच पोत्यात वाळू भरून हे केलं तर दाराजवळच्या कर्णाच्या पाइपला बोटांची सालं निघाली आणि बकलचं लाल बटण हाताला लागेना. बांधलं होतं उत्तम, पण मूल बाहेर काढायचं कसं? त्या गाडीचा बाक आम्ही तळहाताएवढा आत सरकवला.

या आठवड्यात जुळ्यांची गाडी उभी आहे. दोन सीट शेजारी शेजारी, मधोमध एक उभा पाइप, आणि तो भाराचा आहे, हलवता येत नाही. भाऊ म्हणतो बाक बदलू, मामा म्हणतात गाडी बदला. मी दुसरी काठी कापायला घेतली आहे.