काळी रेघ सुटता सुटत नाही

आज सकाळपासून पट्टी, चिकटपट्टी आणि पोस्टर कलर घेऊन बसले होते. कानात बुगी-वुगीचा, म्हणजे ब्लूज संगीतातल्या एका नाचऱ्या शैलीचा पियानो. डावा हात एकच ठेका धरून असतो, उजवा मनाला येईल तसा पळतो. तेच कागदावर आणायचं होतं. सगळे चौकोन सारखे काढले तर कागद मुका, नुसती बाथरूमची फरशी! मग एक पिवळा तुकडा चुकून सरकला आणि माझा पाय आपोआप हलला.

चौकोन आणि सरळ रेघांची चित्रं काढणारा डच चित्रकार पीट माँड्रियन १९४० मध्ये न्यूयॉर्कला आला तेव्हा ६८ वर्षांचा होता, वर नाचायची भारी हौस. १९४२-४३च्या 'ब्रॉडवे बुगी वुगी' या चित्रात त्याने वीसेक वर्षं सांभाळलेल्या काळ्या रेघा चक्क टाकून दिल्या. उरले पिवळे, लाल, निळे, करडे ठिपके.

माझी काळी बाटली मात्र संध्याकाळपर्यंत अर्धी संपली.