"ताई, सगळेच घेतात हो!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रविवारी येऊर चढून आलो की उपवनच्या काठावर चहा घेताना कोणीतरी म्हणतंच, "ताई, सायकलवाले सगळेच औषधं घेऊन डोपिंग करतात, तरी तुम्ही जुलैभर ती टूर द फ्रान्सची सायकल शर्यत कसली बघत बसता?"

मी ठाण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये निम्मा जन्म काढलाय, त्यामुळे माझं उत्तर रक्तापासून सुरू होतं. रिपोर्टवर पीसीव्ही असा एक रकाना असतो. रक्तात लाल पेशींचा वाटा किती, ते त्यात कळतं. आता मशीनच आकडा देतं. मी शिकत होते तेव्हा बारीक काचेची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचो. बाहेर काढली की तळाला गडद लाल, मध्ये पांढुरकी रेघ, वर पिवळसर पाणी. पुरुषांचा लाल भाग साधारण 40 ते 50 टक्के. पावसाळ्यात डेंग्यूच्या पेशंटचा हा आकडा चढायला लागला की आम्ही डॉक्टरांना लगेच फोन लावतो.

आणि तिकडे सायकल शर्यतींत धडधाकट माणसं हाच आकडा मुद्दाम चढवत होती! ईपीओ हे मुळात डायलिसिसच्या पेशंटना रक्तवाढीसाठी देतात ते इंजेक्शन. लाल पेशी वाढल्या की स्नायूंना ऑक्सिजन जास्त मिळतो, चढावर पाय उशिरा थकतात. रक्त मात्र काकवीसारखं दाट होत जातं. ते पकडायची चाचणी तेव्हा नव्हती. म्हणून सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं 1997 मध्ये रेघ मारली, 50 च्या वर गेलात तर शर्यतीबाहेर. खरा घोळ इथे झाला, असं माझं मत. त्या रेघेची मुभाच झाली. टीमवाले सोबत सेंट्रिफ्यूज बाळगायचे, आकडा काठापर्यंत न्यायचे, जास्त भरला की रक्त पातळ करायला सलाइन. मूळचा 42 असलेल्याची चंगळ, 48 वाल्याला जेमतेम फायदा. 1999 मध्ये जिरो, म्हणजे इटलीची मोठी शर्यत, जिंकायच्या बेतात असलेल्या पांतानी या इटालियन सायकलपटूचा 52 निघाला आणि त्याला घरी पाठवलं.

अमेरिकन सायकलपटू आर्मस्ट्राँगची टूरची सात विजेतेपदं डोपिंगपायी 2012 मध्ये गेली, ते तुम्हाला पाठ आहे. मला आठवतो फ्रेंच सायकलपटू ख्रिस्तोफ बासों. 1998 मध्ये ज्या फेस्टिना टीमच्या गाडीत सीमेवर औषधांचा साठा सापडला, त्याच टीममधला, पण ईपीओला नाही म्हणालेला. पुढच्या वर्षी टूरमध्ये असतानाच तो डोपिंगबद्दल वर्तमानपत्रात लिहायला लागला. बरोबरचे खेळाडू बोलेनासे झाले. आर्मस्ट्राँगनं धावत्या शर्यतीत गाठून त्याला सुनावलं, निघून जा. टूर अर्धवट सोडून तो गेला. तुमच्या त्या "सगळ्यां"त मला याला बसवता येत नाही. शिवाय "सगळेच घेतात" हे घेणाऱ्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य.

आता 2008 पासून एका आकड्यावर निकाल लावत नाहीत. ज्याचे त्याचे आकडे वर्षानुवर्षं ताडून बघतात. हे मला पटतं. आपल्याच ग्रुपमधला एक जण मे महिन्यात 51 चा रिपोर्ट घेऊन घाबराघुबरा आला होता. आदल्या दिवशी भर उन्हात घोडबंदर रोडला नव्वद किलोमीटर मारले होते आणि पाण्याची बाटली घरीच. दोन दिवसांनी परत रक्त घेतलं, 46.