हरिश्चंद्रगड : कोकणकड्यावरची संध्याकाळ आणि सकाळ

पायथ्याच्या पाचनई गावातून सकाळी चढायचं, कोकणकड्यावर फोटो काढायचे आणि दुपारी उतरून परतीची गाडी धरायची, असा हरिश्चंद्रगड हल्ली बरेच जण करतात. वाट सोपी असल्यामुळे तो तसा होतोही. पण माझं म्हणणं आहे की या गडावर रात्रीचा मुक्काम हवाच. संध्याकाळचा कडा आणि सकाळचा कडा या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. त्यातली एक जरी हुकली, तरी गड अर्धाच पाहिला असं समजावं.

आम्ही पावसाळा सरता सरता गेलो. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे चढायचं आणि पाचनईला उतरायचं ठरलं होतं. माळशेज घाटाच्या तोंडाशी खुबी फाट्याला उतरलं की पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेकडेने चालत खिरेश्वर गाठता येतं. गावाजवळ नागेश्वराचं जुनं मंदिर आहे. चढाईच्या घाईत बहुतेक लोक त्याच्यावरून तसेच पुढे निघून जातात. पाच मिनिटं आत जाऊन मान वर करून छत बघा. तिथलं कोरीवकाम बघितल्यावर पुढच्या चढाला उशीर झाल्याचं दुःख होत नाही.

तोलार खिंडीपर्यंतची वाट झाडीतून जाते आणि हळूहळू दम काढते. खिंडीत दगडात कोरलेलं वाघाचं शिल्प आहे, त्याला शेंदूर लागलेला असतो. खरी चढाई इथून सुरू होते. समोर उभा कातळ येतो. त्यात पावठ्या आणि खोबण्या आहेत, जोडीला रेलिंगही आहे. पण पावसाळ्यानंतर इथली परीक्षा उंचीची नसते, ओलीची असते. कातळावरून पाण्याची पातळ चादर अखंड झिरपत असते आणि तिच्या कडेला हिरवट-काळं शेवाळ धरतं. वाहत्या पाण्यात पाय बिनधास्त टाकावा, कारण तिथे दगड धुतलेला असतो. कोरड्या वाटणाऱ्या काळ्या डागावर मात्र टाकू नये. आमच्यातला एक जण पहिल्यांदाच डोंगरात आला होता. त्याने हे एकदा ऐकलं आणि पुढचा सगळा पॅच न बोलता, एकेक पाऊल तपासत पार केला. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

कातळ संपला की गड आला असं वाटतं, पण तसं नसतं. पुढे टेकड्यांचे चढ-उतार सुरू होतात आणि एक उतरली की दुसरी हजर होते. दोन्ही बाजूंनी कारवी माजलेली असते. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. आम्ही गेलो ते तिचं फुलायचं वर्ष नव्हतं, नुसती खरखरीत पानं दंडांना घासत होती. त्याची भरपाई सोनकीने केली. मोकळ्या पठारांवर पिवळ्या रंगाशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. धुक्यात वाट चुकायची भीती याच टप्प्यात असते, कारण ढोरवाटा अनेक फुटतात आणि सगळ्या सारख्याच मळलेल्या दिसतात. माहितगार सोबत नसेल तर दगडांवरचे बाण शोधतच पुढे सरकावं.

दुपारी हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोचलो. खोलगट जागेत, ओढ्याच्या काठी, आसपासच्याच काळ्या दगडातून उभं राहिलेलं हे मंदिर. त्याचं शिखर खालपासून वरपर्यंत कोरलेलं आहे. चांगदेवांनी इथे तप केलं असं परंपरा सांगते आणि त्यांच्याशी जोडले जाणारे शिलालेख या परिसरात आहेत. शेजारी पुष्करणी आहे. तिच्या काठाला ओळीने कोनाडे आहेत.

तिथून जरा खाली गेलं की केदारेश्वराची गुहा येते. आत कमरेएवढं पाणी आणि मधोमध पुरुषभर उंचीचं वाटावं असं शिवलिंग. भोवती चार खांब होते, त्यातला एकच शाबूत आहे. तो पडला की कलियुग संपेल, अशी गोष्ट गडावर येणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतंच. मला त्या गोष्टीपेक्षा ते पाणी जास्त लक्षात राहिलं. पहिलं पाऊल टाकलं आणि थंडी घोट्यातून थेट गुडघ्यात चढली. प्रदक्षिणा निम्मी होईपर्यंत बोटं आहेत की नाहीत ते कळेना. गुहेत मोठ्याने बोललेलं मला खटकतं आणि खाऊच्या रिकाम्या पिशव्या पाण्यावर तरंगताना बघून तर जीव तुटतो. आम्ही हाताला लागल्या तेवढ्या गोळा करून सॅकमध्ये कोंबल्या.

मंदिरापासून कोकणकडा सावकाश चालीने अर्ध्या तासावर आहे. ऊन उतरू लागलं तसे निघालो. झाडी संपते, पठार मोकळं होतं आणि चालता चालता समोरची जमीनच संपते. कडा सरळसोट नाही, आतल्या बाजूला वळलेला आहे, अर्धगोल. लाव्हाचे थरांवर थर साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे पठार घडलं. त्या थरांच्या आडव्या रेघा कड्याच्या पोटावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजता येतात. काठावर उभं राहून त्या दिसत नाहीत. त्यासाठी पोटावर झोपावं, कोपरांवर सरकत जावं आणि फक्त डोकं बाहेर काढावं. कुणीतरी मागून पाय धरलेले असावेत. पायाखाली काही नाही, हे तेव्हा पोटाला समजतं.

त्या संध्याकाळी खाली कोकण लख्ख होतं. भातखाचरं, ओढे, पाड्यांवरचा धूर, सगळं स्पष्ट दिसत होतं. कोकणातून येणारा वारा कड्याच्या वाटीत शिरतो आणि वाट न मिळाल्यामुळे भिंतीवरून वर चढतो. शेजारच्या एका धारेचं पाणी कड्यावरून निघून खाली पोचतच नव्हतं. वारा ते उचलून परत आमच्या तोंडावर आणून टाकत होता. सूर्य गेल्यावर बराच वेळ पश्चिमेला लाली टिकली. अंधार दाटायच्या आत काठापासून मागे यायचं, हा आमचा नियम. गवताखाली कडेची माती कुठे पोकळ आहे ते दिवसासुद्धा कळत नाही.

पहाटे पुन्हा कड्यावर गेलो तेव्हा कोकण नव्हतंच. दरी काठोकाठ ढगांनी भरली होती. सूर्य पाठीमागे वर चढत गेला आणि कड्याची सावली ढगांवरून मागे हटू लागली. मग ऊन आमच्या खांद्यांवरून दरीत पडलं आणि धुक्यावर एक फिकट गोल उमटला. पूर्ण गोल, बाहेरून तांबूस, आत निळसर आणि मध्यभागी माणसाची सावली. हेच इंद्रवज्र.

सूर्य पाठीशी, धुकं समोर आणि खाली, एवढं जुळलं की ढगातले बारीक थेंब प्रकाश आलेल्या दिशेलाच माघारी पाठवतात आणि हे गोल तयार होतं. कडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे हा योग इथे सकाळीच येतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावरच्या या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन केलं आहे. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा तो लेख १८३५ साली प्रसिद्ध झाला. त्यातली एक गंमत स्वतः बघितल्याशिवाय पटत नाही. आम्ही चौघे खांद्याला खांदा लावून उभे होतो आणि प्रत्येक जण म्हणत होता, “गोल माझ्याच डोक्याभोवती आहे.” सगळे खरंच बोलत होते. ज्याच्या त्याच्या नजरेला ज्याची त्याची सावली मध्यभागी दिसते. मी हात वर केला तर गोलातही हात वर गेला. ढग जरा विरळ झाले तशी गोलाची कडा पुसट झाली, पुन्हा दाटले तसे रंग भरले आणि काही मिनिटांत सगळं विरून खालची खाचरं दिसू लागली.

तारामती शिखरावर वेळ असेल तर जरूर जावं. गडाचं ते सर्वांत उंच टोक, चौदाशे मीटरच्या वर. हवा स्वच्छ असली की तिथून नाणेघाट, जीवधन आणि माळशेजचे डोंगर ओळखता येतात. आम्हाला माथ्यावर ढगच मिळाले.

उतरताना मंगळगंगेच्या सोबतीने पाचनईची वाट धरली. या वाटेला नुसती सोपी म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. मधला बराच टप्पा डोक्यावर झुकलेल्या प्रचंड कातळाच्या कडेने जातो आणि पावसाळ्यानंतर वरून पडणाऱ्या धारा आपल्याला चुकवून दरीच्या बाजूला कोसळतात. भिंत आणि पाणी यांच्यामधून आपण कोरडे चालत राहतो. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी चढाईसाठीही हीच वाट निवडावी. फक्त दुपारपर्यंत वर पोचावं आणि रात्री गडावरच थांबावं. पाचनईत उतरल्यावर राजूरकडे जाणारी गाडी मिळते, पण तिची वेळ वर जाण्याआधीच गावात विचारून ठेवलेली बरी.