रातांब्याच्या झाडाखालून पुढे : आमची वाटचाल

आमचा कोकम उद्योग आईने सुरू केला, वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात, घरासमोरच्या खळ्यात. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आमसुलं आणि टाचांच्या भेगांना लावायचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, एवढाच माल. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, काढायचं काम माझं. मेअखेर पाऊस तोंडावर आला की फार धांदल, कारण पाऊस लागलेली फळं हाताला येईपर्यंत सडतात. अशाच एका संध्याकाळी फांदी मोडली आणि मी पाठीवर आपटलो. कमरेखालची संवेदना गेली ती गेलीच.

गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. घरी आल्यावर बायको मला दर दोन तासांनी कुशीवर वळवायची, रात्रीसुद्धा. बधिर अंगाला दुखत नाही, त्यामुळे कातडी दबून जखम झाली तरी आपल्याला कळत नाही. मला एकही जखम झाली नाही ती तिच्या जागरणांमुळे. आज मी बसून काम करतो, ते तिथून सुरू झालं.

त्या मोसमात आमच्या खळ्यात वाडीतल्या बायका न बोलावता आल्या. रातांबे फोडले, बिया काढल्या, सालं मिठात घालून पिंपं भरली. मजुरी कुणी मागितली नाही. आईने ती माल विकल्यावर दिली.

मी व्हीलचेअरवरून खळ्यात आलो तेव्हा आमसुलांना पुटं चालली होती. सालं रसात बुडवायची, उन्हात घालायची, सुकली की पुन्हा रसात. आधी मी फळं आणून टाकायचो आणि निघून जायचो. आता दिवसभर तिथेच असतो. तांबडी सालं प्रत्येक पुटाला काळपट होत जातात. ती बोटांनी दाबून पाहायची आणि पुढचं पुट कधी द्यायचं ते ठरवायचं, हे काम मला मनापासून आवडतं. इतका आनंद झाडावर कधी झाला नव्हता.

गावच्या गवंड्याने चिऱ्यांचा उतार बांधून दिला. रातांबे फोडायची टेबलं माझ्या खुर्चीच्या उंचीची केली, तेव्हा म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, आमचे गुडघे सुटले बाबा! तोवर त्या जमिनीवरच बसून फोडायच्या.

2016 साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. माझा जीव मात्र कलमांत. बियांपासून केलेलं रोप नर की मादी हे फुलं येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं कळत नाही. नर निघालं तर फळ नाही. म्हणून कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ची कलमं लावली, तीही आडव्या फांदीच्या काडीची. अशी कलमं उंच न जाता पसरतात. आमच्या बागेत आता कुणी वर चढायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं.

यंदा त्यांना पहिली फळं आली. खालच्या फांद्यांची मी खुर्चीवरूनच काढली. त्यांचं आगळ विकायचं नाही, असं आईने सांगितलंय. त्या मोसमात न बोलावता जी जी आली, तिच्या घरी एकेक बाटली जायची आहे.