एसीखालची खुर्ची

मला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही आलेला. आमच्या नागपूरकडे बऱ्याच जणांना हे नाव तरी माहीत असतं, पण ऑफिसात मी दोन वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं, भीती एकच की ही सारखी सुट्ट्या घेणार म्हणून काढून टाकतील.

माझी जागा बरोबर एसीखाली. फ्लोअरवर पाण्याची बाटली न्यायची नाही, ब्रेक मोजून, आणि एक आठवडा सोडून नाइट शिफ्ट. आणि डॉक्टर आम्हाला काय सांगतात, तर पाणी भरपूर पी, थंडीपासून जप, दमू नको. पाणी कमी पडलं किंवा अंग गारठलं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग मांड्या, कंबर, छाती असं काही दुखतं की ओरडायलाही जोर उरत नाही. दोन महिन्यांत दोनदा ॲडमिट झाले. परत आल्यावर टीम लीडर म्हणाले, "मॅडम, परवा तर एकदम ठीक होत्या." होतेच ना ठीक! क्रायसिस, म्हणजे हा दुखण्याचा झटका, नसला की आम्ही ठीकच दिसतो, डोळे जरा पिवळे दिसतात एवढंच.

आई म्हणाली, लेखी दे, तोंडी बोललेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. मग डॉक्टरांकडून नुसतं आजाराचं नाव नाही तर कामावर काय टाळायचं तेही लिहून घेतलं, आणि मेलमध्ये चारच गोष्टी मागितल्या, एसीपासून लांबची जागा, डेस्कवर बाटली, पाणी जास्त पिते म्हणून बाथरूमला जादा ब्रेक, आणि नाइट बंद. ज्यांना मागायचंय त्यांनी प्लीज असं नेमकं मागा, नुसतं "मला बरं नसतं" म्हटलं की समोरचा सुट्टी देतो आणि विषय संपतो.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेल आहे, हे मलाच उशिरा कळलं. सोय करून देण्याचं बंधन सरकारी ऑफिसांवर स्पष्ट आहे, खासगीवर तितकं नाही, पण २० किंवा जास्त माणसं असतील तर समान संधीची पॉलिसी ठेवावी लागते आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या सोयी बघणारा लायझन ऑफिसर नेमावा लागतो. मी एचआरला तीच पॉलिसी मागितली, तेव्हा कुठे मीटिंग लागली.

बाटली त्याच दिवशी मिळाली, ब्रेकचंही झालं. जागा बदलायला तीन आठवडे लागले. नाइटचं अजून "बघतो" चाललंय, सोमवारी परत मेल टाकणार आहे.