मुलाला सेफ्टीत घालू का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. ‘तुम्ही’ म्हणजे कोणी एक नाही. भाचीच्या कॉलेजातले सर आहेत, आमच्या सोसायटीचे वॉचमन आहेत (धाकटा बीएस्सी होऊन दीड वर्ष घरी बसलाय), आणि मागच्या मे महिन्यात रोह्याच्या एका लग्नात जेवणाचं ताट हातात धरून माझ्यापर्यंत आलेले आमचे जुने ऑपरेटर काका आहेत. प्रश्न सगळ्यांचा एकच: “मॅडम, मुलाला सेफ्टीत घालू का?”

पोराला शाळेत घालतात, तालमीत घालतात, तसं सेफ्टीत, म्हणजे कारखान्यातल्या सुरक्षेच्या कामात, घालायचं. माझं उत्तरही ठरलेलं आहे. घाला, पण थेट घालू नका. आधी त्याला कुठल्या तरी प्लँटवर चार-पाच वर्षं काढू द्या. मशीन चालवू दे, पंप उघडू दे, शिफ्ट करू दे.

हे ऐकून समोरच्याचा चेहरा उतरतो, कारण तोवर मुलाने पंधरा दिवसांचा कुठला तरी कोर्स करून सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असतं.

पण हे माझं खासगी मत नाही. कारखाने अधिनियम १९४८ चा. त्यात १९७६ च्या दुरुस्तीने कलम ४०-ब आलं आणि हजार किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर ठेवणं बंधनकारक झालं. काम धोक्याचं असेल तर हजारांच्या आतही सरकार तो नेमायला लावू शकत होतं. तो माणूस कसा असावा हे महाराष्ट्राने १९८२ च्या नियमांत सांगितलं. इंजिनिअर असेल तर कारखान्यात सुपरवायझर म्हणून दोन वर्षं, फिजिक्स-केमिस्ट्रीचा पदवीधर असेल तर पाच. त्यावर सरकारमान्य इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा. आणि आणखी एक अट, जी कुणीच वाचत नाही: त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला नीट आली पाहिजे. मला ही अट सगळ्यात शहाणी वाटते. आज मी काम करते त्या तळोज्यात ती पाळायची तर मराठीवर भागत नाही. भोजपुरी कळायला हवी, उडिया थोडी तरी.

ब्रिटनच्या ‘नेबॉश’चं सर्टिफिकेट वाईट आहे असं मी म्हणत नाही. अभ्यास चांगला आहे, आखातात त्याला किंमत आहे. पण आपल्याकडे कायद्याने जो सेफ्टी ऑफिसर लागतो त्याला त्यावर भागवता येत नाही, हे क्लासवाले फी घेताना सांगत नाहीत.

काकांना मी हे सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे त्याने पण ऑपरेटरच व्हायचं? आम्ही तीस वर्षं अंगाला सॉल्व्हंटचा वास घेऊन घरी आलो ते कशासाठी?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय मी सेफ्टीत आले ती ह्याच काकांमुळे. तेव्हा आधी ते सांगते.

मी ९५ साली केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले आणि धाटावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लॅबला लागले. दोन वर्षांनी हट्टाने प्रॉडक्शनला गेले. तेव्हा कायद्याने बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करता येत नव्हतं, त्यामुळे मला कायम जनरल शिफ्ट. बाकीचे चेष्टा करायचे, पण दिवसाची सगळी दुरुस्तीची कामं माझ्या वाट्याला यायची आणि दुरुस्तीतच माणूस शिकतो. माझ्याकडे तेव्हा काका होते. दहावी नापास, अत्यंत किरकिरे. प्रत्येक कामात ‘आधी दोर आणा’ म्हणायचे.

२००१ चा पावसाळा. सॉल्व्हंटची एक टाकी रिकामी करून, धुऊन तपासणीला दिली होती. तळाला थोडा गाळ राहिलेला. ठेकेदाराचा हेल्पर बादली घेऊन आत उतरणार होता. मीटर लावलं, काटा शून्यावर. म्हणजे पेट घेणारी वाफ नाही. मी परमिटवर सही केली. काकांनी हेल्परच्या कमरेला दोर बांधला, ठेकेदाराचा मुकादम हसला.

तो उतरला आणि मिनिटभरात खाली बसला. मग आडवा झाला. ओरडला नाही, खोकला नाही. दुसरा हेल्पर त्याला काढायला धावला. त्याचा एक पाय मॅनहोलमध्ये गेलेला असताना काकांनी त्याची कॉलर धरली आणि त्याला मागे फेकलं. अक्षरशः फेकलं, त्याचं कोपर फुटलं. मग चौघांनी दोर ओढला. पहिला पोरगा वाचला. दोर नसता तर आत दोन गेले असते, आणि तिसरी बहुतेक मी असते.

झालं काय होतं? टाकीत वाफ पेटू नये म्हणून वर नायट्रोजन सोडलेला असतो. त्याचा व्हॉल्व्ह बंद होता, पण पासिंग होता, म्हणजे बंद असूनही गळत होता. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेतही तो ७८ टक्के असतो, त्यामुळे शरीराला संशयच येत नाही. हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो साडेएकोणीसच्या खाली गेला की आत माणूस सोडायचा नाही. फारच कमी झाला तर दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. आमच्या मीटरने शून्य दाखवलं ते खरंच होतं. मी ऑक्सिजन मोजलाच नव्हता. आणि व्हॉल्व्हवर विसंबण्याऐवजी लाइनमध्ये ब्लाइंड टाकायला हवा होता, म्हणजे फ्लँज (दोन पाइपांचा जोड) सोडवून मधे पत्र्याची चकती बसवायची, जेणेकरून काही झालं तरी वायू पलीकडे येणार नाही. पाऊण तासाचं काम. आम्ही तो पाऊण तास वाचवला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या वर्षी रजा आणि थोडं कर्ज काढून मी मुंबईला सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये वर्षभराच्या डिप्लोमाला गेले. वर्गात बहुतेक सगळे असेच आलेले. एकाच्या डोळ्यांदेखत क्रेनची वायर तुटली होती, एकजण पेपर मिलमध्ये रोलरवरचा माणूस होता आणि त्याला उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. भोपाळवर तास सुरू झाला तेव्हा कुणी वही उघडली नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. नवीन होतं ते त्यानंतरचं. ८७ च्या दुरुस्तीने कायद्यात धोक्याच्या प्रक्रियांचं एक आख्खं प्रकरण घातलं. त्यात कामगारांना सोबत घेऊन सुरक्षा समिती आली, आणि समोर धोका दिसला तर तो वर कळवण्याचा कामगाराचा हक्कही आला. काकांनी त्या दिवशी जे केलं त्याला कायद्यात जागा होती हे मला तिथे कळलं.

आता पुढचं, जे लग्नात सांगितलं जात नाही.

डिप्लोमा घेऊन मी सेफ्टी ऑफिसर झाले. नियम म्हणतात, ह्या माणसाला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा द्या, तो थेट कारखान्याच्या मुख्य माणसाच्या हाताखाली असेल, आणि त्याच्या कामाशी विसंगत असं दुसरं कुठलंही काम त्याला देऊ नका. माझ्या पहिल्या कारखान्यात माझ्याकडे सेफ्टीखेरीज कँटीन होतं, गेटवरचे गार्ड होते, बाग होती आणि गणपतीची वर्गणी. ४ मार्चला सुरक्षा दिवस आला की आठवडाभर पोस्टर, शपथ, निबंध, बक्षिसाला स्टीलचा डबा. बाकीचे एकावन्न आठवडे ‘सेफ्टीवाली आली, हेल्मेट घाला रे’. मी पाठ फिरवली की हेल्मेट परत खुंटीवर.

आणि एक गोष्ट जी सांगायला जीभ अडते. कामावर इजा होऊन माणूस अठ्ठेचाळीस तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर तो अपघात सरकारला कळवावा लागतो. एका फिटरच्या पायावर फ्लँज पडला, प्लास्टर बसलं. दुसऱ्या दिवशी त्याला गाडी पाठवून आणला, ऑफिसात खुर्चीवर बसवला, समोर एक रजिस्टर ठेवलं. हजेरी लागली. गेटवरच्या ‘अपघातविरहित दिवस’ पाटीवरचा आकडा वाढत राहिला. मला हे माहीत होतं आणि मी गप्प राहिले. नोकरीला आठ महिने झाले होते, कर्ज फिटायचं होतं. दुसऱ्यांदा तसं करायची वेळ आली तेव्हा मी फॉर्म भरून पाठवला. त्या वर्षी माझी पगारवाढ चहाच्या पैशांएवढी झाली आणि पुढच्या वर्षी मी तिथून निघाले.

म्हणून मी ‘आधी प्लँटवर काम कर’ म्हणते. पंचविशीच्या पोराला हिरवं जॅकेट घालून ठेकेदाराच्या पगारावर साइटवर उभं करतात. त्याने चौथ्या मजल्यावरच्या माणसाला ‘हार्नेसचा हुक लाव’ म्हटलं की तो विचारतो, “कुठे लावू, दाखव.” हुक कुठे लावायचा हे ज्याला माहीत नाही, त्याचं कुणी का ऐकावं? आणि ज्याला माहीत आहे, त्याला साइट इनचार्ज झापतो तेव्हा निदान एवढा तरी विश्वास असतो की आपण बरोबर आहोत. सेफ्टीत हाती एवढंच असतं. काम थांबवायचा अधिकार कागदावर मिळतो, थांबवायची हिंमत काम माहीत असण्यातून येते. निदान माझी तिथून आली.

बाकी वाटा खूप आहेत, त्याबद्दल पोरांनी निश्चिंत असावं. आमच्या सायनच्या वर्गातले आज कुठे कुठे आहेत. एकजण एमपीएससी देऊन औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात गेला, म्हणजे ज्याला आम्ही सगळे अजून ‘फॅक्टरी इन्स्पेक्टर’ म्हणतो. एक विमा कंपनीसाठी कारखाने फिरून धोका किती ते लिहून देते, आमच्यात सर्वांत सुखी तीच. दोघे आखातात रिफायनरीत. पेपर मिलवाला दोन बोटं नसलेला हात वर करून शिकवतो, आणि त्याच्या तासाला कुणी झोपत नाही. एकाने सगळं सोडून भिवंडीला हेल्मेट-बुटांचं दुकान टाकलं, तो आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कमावतो. मी मधे सहा वर्षं मुंबईत बांधकामावर होते, आता तळोज्यात प्रोसेस सेफ्टी बघते. म्हणजे खोलीत आठ माणसं बसवून एकेका पाइपबद्दल ‘इथला प्रवाह उलटा गेला तर?’ असं दिवसभर विचारायचं. बाहेरून कंटाळवाणं वाटतं. मला ह्या वयात तेच काम आवडतं, पण त्या खोलीतही जुना ऑपरेटर नसेल तर चर्चा हवेत जाते.

जुन्या कारखाने कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या नव्या संहितेत (ती लागू झाली नोव्हेंबर २०२५ मध्ये) सेफ्टी ऑफिसरसाठीचा आकडा कारखान्यांना हजारावरून पाचशेवर आला, धोक्याच्या कारखान्यांना आणि बांधकामाला अडीचशेवर. तेव्हा जागा वाढतील. त्यातल्या किती जागांवर कँटीन आणि बाग सोबत येईल, ते बघायचं.

तर काकांचा मुलगा. लग्नात तो बापाच्या मागे उभा होता, काही बोलला नाही. पावसाळ्यात त्याचा फोन आला. महाडच्या एका प्लँटमध्ये ट्रेनी म्हणून लागला होता, तीन शिफ्ट, बापाला फारसं पटलेलं नाही. मी म्हटलं, पाच वर्षं मोज, मग सायनचा फॉर्म मी भरून देते. तो ‘हो’ म्हणाला, ते मनापासून की नुसतं, कळलं नाही.

परवा दुपारी परत फोन. मागे पंपांचा आवाज.

“मॅडम, टाकीत माणूस सोडायचाय. एक लाइन येते वरून. सगळे म्हणतात व्हॉल्व्ह बंद आहे, ब्लाइंडची गरज नाही. मी मॅनहोल उघडू देत नाहीये, तर शिफ्ट इनचार्ज चिडलेत.”

“ऑक्सिजन बघितला?”

“बघितला. वीस पॉइंट आठ.”

“लाइन कसली आहे?”

“कुणालाच माहीत नाही,” तो म्हणाला. “म्हणूनच तर थांबवलंय.”